मृत्युदराचा छेद

काचेपलीकडे बर्फाच्या पेटीतून एक छोटी कुपी बाहेर येते. तिच्यात रुग्णाच्या नाका-घशातला स्राव आहे. कुपीवरचा क्रमांक अर्जावरच्या क्रमांकाशी दोनदा ताडून पाहिला जातो, मगच नमुना पुढे सरकतो. स्वाइन फ्लू असो वा कोविड, खात्रीचे निदान होते ते मुख्यतः या नमुन्यात विषाणूचा अंश शोधणाऱ्या आरटी-पीसीआर चाचणीने. प्रश्न एवढाच असतो, की कुणाची कुपी या टेबलापर्यंत पोहोचते?

2017 साली महाराष्ट्रात स्वाइन फ्लूचे 6,144 रुग्ण नोंदले गेले आणि त्यांपैकी 778 जण दगावले. म्हणजे शंभरामागे जवळपास तेरा. कोविडच्या साथीत राज्यात सुमारे 81 लाख रुग्ण आणि 1 लाख 48 हजारांहून अधिक मृत्यू नोंदले गेले. शंभरामागे दोनही नाहीत. या हिशेबाने कोविड सौम्य ठरतो, आणि तो हिशेब चुकीचा आहे.

चूक छेदात, म्हणजे ज्या रुग्णसंख्येने मृत्यूंना भागायचे तिच्यात आहे. स्वाइन फ्लूसाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी रुग्णांचे अ, ब आणि क असे गट पाडले होते. साधा ताप-खोकला असलेल्यांची चाचणी करायची नव्हती. ताप जास्त असलेल्यांची किंवा गरोदर स्त्रिया, वृद्ध अशा जोखमीच्या रुग्णांचीही करायची नव्हती. ज्याला धाप लागली आहे, छातीत दुखते आहे, रक्तदाब घसरला आहे, अशा 'क' गटातल्या रुग्णाचाच नमुना प्रयोगशाळेकडे जाई. घरीच बरे झालेले असंख्य लोक त्यामुळे मोजणीत आलेच नाहीत. कोविडमध्ये मात्र लक्षणे नसलेल्या संपर्कातल्या माणसांच्याही चाचण्या झाल्या, छेद फुगला आणि दर खाली आला.

आता अंशाकडे, म्हणजे मृत्यूंच्या आकड्याकडे वळू. तो ज्या कागदावरून येतो, तो जवळून पाहू. हा नमुना (फॉर्म) क्रमांक 4, म्हणजे मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र. पहिल्या ओळीत तात्काळ कारण लिहायचे, आणि त्याखालच्या ओळींत ते कशामुळे उद्भवले हे मागे मागे जात मूळ आजारापर्यंत नोंदवायचे. हृदय बंद पडणे ही मरण्याची रीत झाली, ते कारण म्हणून लिहू नये, अशी सूचना याच कागदावर छापलेली आहे. तरीही नेमके तेच लिहिले जाते आणि खालच्या ओळी कोऱ्या राहतात. कोविडच्या मृत्यूंसाठी आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, 2020 साली स्वतंत्र मार्गदर्शन दिले, आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात यू 07.1 हा संकेतांकही ठरला. फ्लूच्या ज्या रुग्णाची चाचणीच झालेली नाही, त्याच्या कागदावर बहुधा 'न्यूमोनिया' एवढेच येते, आणि फ्लूच्या खात्यातून तो मृत्यू निसटतो. 2020 साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी केवळ 22.5 टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले होते. अंशही असा अपुरा असताना टक्केवारीवर भिस्त ठेवणे आम्हांला धोक्याचे वाटते.

म्हणून एकूण मृत्यूंची नोंद पाहावी लागते. 2019 साली देशात 76.4 लाख मृत्यू नोंदले गेले, 2021 साली 1 कोटी 2 लाख. नोंदणी सुधारल्याचा त्यात वाटा आहे, पण एवढी वाढ त्याने भरून निघत नाही. 2020 आणि 2021 मिळून कोविडचे अधिकृत मृत्यू होते सुमारे 4.8 लाख, जागतिक आरोग्य संघटनेचा अतिरिक्त मृत्यूंचा, म्हणजे साथ नसती तर अपेक्षित असलेल्यांहून जास्त झालेल्या मृत्यूंचा, अंदाज 47 लाखांचा, जो केंद्र सरकारने अमान्य केला.

नोंदणी कार्यालयाच्या खिडकीतून तो कागद आत जातो. शिक्का बसतो. मूळ कारणाची ओळ कोरीच आहे.