सरकलेलं हाड आणि आपले अंगठे

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणूस शोधायची पद्धत होती. जन्मताना पाय आधी बाहेर आलेला माणूस. त्यानं कमरेला हलकी लाथ घातली की उसण पळाली म्हणायचे. हसताय? निदान तो फी घेत नव्हता आणि ‘तुमचं हाड सरकलंय’ असंही सांगत नव्हता. ते आपण कंबर तपासणारे सांगतो!

मागे एका कार्यशाळेत कंबर कधीही न दुखलेल्या एका विद्यार्थ्याला मॉडेल म्हणून उभं केलं होतं. सगळ्यांनी पाळीपाळीनं त्याच्या मागे बसायचं, कमरेखालच्या दोन खळग्यांजवळच्या हाडांवर अंगठे टेकवायचे, त्याला गुडघा वर घ्यायला सांगायचं आणि कुठल्या बाजूचा सॅक्रोइलिॲक सांधा (कण्याच्या तळाचं त्रिकोणी हाड, म्हणजे सॅक्रम, आणि कटीचं हाड यांच्यातला) अडकलाय ते बोलायचं. पहिला म्हणाला उजवा. दुसरी म्हणाली डावा. तिसऱ्याला दोन्ही अडकलेले वाटले. (हा तिसरा आता प्राध्यापक आहे, समोरच बसलाय.) शिकवणारे सर शांतपणे म्हणाले, ‘सगळे बरोबर. मधल्या वेळात सांधा बदलला.’ संध्याकाळी तो पोरगा कंबर चोळत घरी गेला.

हे हसण्यावारी नेता येत नाही. १९८९ साली स्टुरेसन आणि सहकाऱ्यांनी हाडांत टँटलम या धातूचे बारीक मणी बसवून या सांध्याची हालचाल क्ष-किरणांनी मोजली. सरासरी फिरणं अडीच अंश, सरकणं जेमतेम ०.७ मिलिमीटर. ते आपल्याला कातडी, चरबी आणि जाड बंधांवरून अंगठ्याला कळतं म्हणे! त्यात पेशंट बिचारा ‘माझं पेल्विस आउट आहे’, म्हणजे कटीचं हाड सरकलंय, म्हणत वर्षानुवर्षं वाकायला घाबरतो. माझा राग त्यावर आहे.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. म्हणजे ज्या विषयासाठी बोलावलंत, या सांध्याचं दुखणं ओळखायचं कसं, तो आता धावत.

पेशंटला एका बोटानं जागा दाखवायला सांगा. बोट पुन्हा पुन्हा त्या खळग्याच्या जरा खाली, आतल्या बाजूला गेलं तर संशय घ्या. तेवढ्यावर निदान नको. आधी कण्याच्या हालचाली वारंवार करून घ्या. पायातलं दुखणं वर कमरेकडे गोळा होत असेल तर सांधा सोडा, डिस्कचा विचार करा.

मग दुखणं जागवणाऱ्या चार चाचण्या: डिस्ट्रॅक्शन (उताणं झोपवून कटीची हाडं समोरून बाहेरच्या बाजूला दाबणं), थाय थ्रस्ट (वाकवलेल्या मांडीतून मागे रेटणं), कॉम्प्रेशन (कुशीवर झोपवून कटीच्या हाडावर वरून दाबणं), सॅक्रल थ्रस्ट (पालथं झोपवून सॅक्रमवर दाबणं). दाब सावकाश वाढवा, चांगला जोर लावा. ‘दुखतंय का?’ असं विचारू नका, एवढ्या जोरात कुणाचंही दुखेल. ‘हे तुमचं नेहमीचंच दुखणं का?’ असं विचारा. लास्लेट आणि सहकाऱ्यांच्या २००५च्या अभ्यासात सांध्यात भूल देणाऱ्या इंजेक्शनशी ताडून पाहिलं, तेव्हा चारांपैकी कुठल्याही दोन चाचण्या सकारात्मक असल्या की संवेदनक्षमता (सांधाच दुखणाऱ्यांपैकी किती जण सापडले) ८८ टक्के आणि विशिष्टता (सांधा निर्दोष असणाऱ्यांपैकी किती जण बरोबर वगळले गेले) ७८ टक्के निघाली. एकट्या चाचणीवर कधीच विसंबू नका. चारही नकारात्मक आल्या तर हा सांधा बहुधा निर्दोष, दुसरीकडे शोधा.

बाळंतिणींसाठीची सरळ पाय उचलायची चाचणी आज राहिली. पण एक सांगूनच उतरतो. पेशंट चाळिशीच्या आतला, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडलेला, उत्तररात्री दुखण्यानं उठणारा आणि हिंडलं-फिरलं की बरं वाटणारा असेल, तर चाचण्यांचे आकडे बाजूला ठेवा आणि त्याला आधी संधिवाततज्ज्ञाकडे पाठवा.