प्रार्थना आणि पहारा

बंधू-भगिनींनो,

धमकी नेमकं कसं काम करते हे पाहायचं असेल, तर बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचे चौथा आणि सहावा अध्याय सावकाश वाचा. इ. स. पूर्व 445 च्या सुमारास पर्शियाच्या राजाला द्राक्षारसाचा प्याला देणारा सेवक नहेम्या यरुशलेमचा पडका तट बांधायला आला. 52 दिवसांत तट उभा राहिला. तेवढ्या दिवसांत या कामाचे विरोधक सनबल्लट, तोबीया आणि गेशेम यांनी प्रत्यक्ष हल्ला केल्याची नोंद नाही. त्यांचं सगळं हत्यार शब्दांचं होतं.

आधी थट्टा झाली: यांच्या भिंतीवर कोल्हा चढला तरी ती ढासळेल. मग हल्ल्याच्या वावड्या. शत्रूच्या शेजारी राहणारे यहूदीच दहा-दहा वेळा येऊन सांगायचे की चहूकडून चाल होणार. त्यांचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. पण शत्रूचं काम ते फुकटात करत होते. घाबरवणारा निरोप पुढे पाठवण्याआधी आपणही हे आठवावं.

नहेम्या लिहितो, आम्ही देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा बसवला. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आहेत. तट जिथे सखल होता तिथे त्याने माणसं उभी केली, तीही कुटुंबाकुटुंबाने. निम्मे काम करत, निम्मे भाले-ढाली घेऊन उभे राहत. माणसं तटावर लांब लांब पांगलेली, म्हणून रणशिंग वाजवणारा कायम त्याच्याजवळ असे: आवाज येईल तिकडे सगळ्यांनी धावायचं. धमकीचा पहिला डाव माणसाला एकटं पाडण्याचा असतो. म्हणून धमकी आली की त्याच दिवशी मंडळीतल्या निदान दोघांना सांगा. संदेश पुसून टाकू नका. तारीख-वेळ लिहून ठेवा.

पोलिसांकडे जाणं म्हणजे विश्वास कमी पडणं, असं काही जण म्हणतात. हे मला अजिबात मान्य नाही. प्रेषित पौलाला मारायची शपथ चाळीसहून जास्त लोकांनी घेतली, तेव्हा त्याने भाच्याला थेट रोमी सरदाराकडे पाठवलं. त्या रात्री 200 शिपाई, 70 स्वार आणि 200 भालाईत त्याला घेऊन निघाले. आदल्याच रात्री ‘धीर धर’ असं प्रभूने त्याला सांगितलं होतं, तरीही त्याने भाच्याची बातमी दाबून ठेवली नाही. घरात मार खाणाऱ्या बाईला ‘हा तुझा वधस्तंभ, सोस’ असं सांगणाऱ्यांनी प्रेषितांची कृत्ये, अध्याय 23 वाचावा.

सहाव्या अध्यायात डाव बारीक होतो. ‘ओनोच्या खोऱ्यात भेटू’ असा सनबल्लट आणि गेशेमचा निरोप नहेम्याला चार वेळा आला. चारही वेळा उत्तर तेच: काम मोठं आहे, मी खाली येऊ शकत नाही. त्याने नवं कारण दिलं नाही, खुलासा केला नाही. आपण चुकतो ते इथेच. दर वेळी नवा खुलासा दिला की समोरच्याला नवा धागा मिळतो. पाचवं पत्र मुद्दाम उघडं पाठवलं, म्हणजे राजद्रोहाची अफवा वाटेत सगळ्यांनी वाचावी. नहेम्याने एका वाक्यात ती खोटी ठरवली आणि प्रार्थना केली: माझे हात बळकट कर. धोका टळू दे, असं त्याने मागितलं नाही.

सगळ्यात अवघड होता शमाया नावाचा माणूस, कारण तो भक्तीच्या भाषेत बोलत होता: मारेकरी येताहेत, मंदिरात लपू या. नहेम्या याजक नव्हता. आत जाणं नियमशास्त्राविरुद्ध होतं. सल्ला देवाच्या वचनाशी जुळेना, म्हणून त्याने ओळखलं की हा माणूस पैसे देऊन उभा केलेला आहे. घाईने पाप करायला लावणारी ‘भविष्यवाणी’ अशीच ताडून पाहावी.

आणि मधला पाचवा अध्याय गाळू नका. आपलेच सरदार व्याजापायी गरिबांची शेतं आणि लेकरं ताब्यात घेत होते. तट थांबवायला तेवढंच पुरलं असतं. नहेम्याने भर सभेत त्यांना सगळं परत करायला लावलं.

तट पुरा झाल्यावरही तोबीयाची पत्रं येतच राहिली. सहावा अध्याय त्यावरच संपतो. सातव्याच्या सुरुवातीला नहेम्या वेशींना दारं बसवतो, द्वारपाळ नेमतो आणि हुकूम देतो: ऊन चांगलं तापेपर्यंत वेशी उघडायच्या नाहीत, आणि प्रत्येकाने आपापल्या घरासमोर पहारा करायचा.