वॉकर पांदणीत चालला पाहिजे

नमस्कार श्रोतेहो.

अर्धांगवायूतून उठलेला माणूस, खुब्याचं हाड मोडून दवाखान्यातून परतलेली आजी, गुडघे गेलेले आबाजी. आपल्या प्रत्येक गावात अशी माणसं आहेत, आणि बऱ्याच जणांच्या घरी वॉकर किंवा कुबडी असतेही. पण ती बाजेखाली पडलेली असते, नाहीतर गुरांच्या कोठ्यात टांगलेली. माणूस मात्र भिंत धरून चालतो. घरचे सांगतात, त्यांना त्याची सवयच होत नाही.

मी तंत्रशाळेत पोरांना फिटिंग शिकवतो. अशी साधनं दुरुस्तीला माझ्याकडे येतात, आणि ती पाहून माझं मत पक्कं झालं आहे की दोष माणसाच्या सवयीचा नसून साधनाचा असतो. गुळगुळीत फरशीवर चालायला केलेली ही वस्तू. तिला आपण सारवलेल्या अंगणात, पांदणीत आणि एसटीच्या पायरीशी नेतो.

आधी उंचीचं सांगतो. माणसाने रोजची चप्पल घालून सरळ उभं राहावं, हात मोकळे सोडावेत. मनगटावर जिथे आडवी रेघ असते, तिथे काठीची किंवा वॉकरची मूठ आली पाहिजे. म्हणजे मूठ धरल्यावर कोपर थोडं वाकतं आणि हाताला जोर लावता येतो. मूठ उंच झाली तर खांदे वर चढतात, खाली राहिली तर पाठ वाकते. कुबडीचा वरचा भाग काखेच्या दोन-तीन बोटं खाली असावा, कारण वजन काखेवर घ्यायचंच नसतं, ते तळहातांवर घ्यायचं. काखेवर भार पडत राहिला तर तिथली नस दबते आणि हात लुळा पडू शकतो. आणि एक, जे अनेकांना उलटं वाटतं: उजवा पाय दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरायची.

उंची बदलण्यासाठी नळीत नळी घालतात. आतल्या नळीला स्प्रिंगचं बटण आणि बाहेरच्या नळीला साधारण अडीच-अडीच सेंटीमीटरवर भोकं. रचना साधी आहे, पण बनवणाऱ्याच्या हातून तीन गोष्टी सुटतात. भोकाची कड घासून गुळगुळीत केली नाही तर तिथूनच तडा जातो. आतली नळी शेवटच्या भोकापर्यंत ओढली की आत फार थोडी उरते आणि ती डुलू लागते, म्हणून शेवटचं भोक पाडायचा मोह टाळावा. तिसरी गोष्ट बटणाची. संधिवाताने वाकडी झालेली बोटं ते बारीक बटण दाबूच शकत नाहीत. तिथे सायकलच्या सीटखाली असते तशी पट्टी आणि खटका बसवला तर तळहाताने दाबता येतो, आणि बिघडला तर गावातला सायकल मिस्त्री दुरुस्त करतो.

उंची बदलता येणं म्हाताऱ्यांपेक्षाही वाढत्या पोरांसाठी महत्त्वाचं आहे. आपल्याकडे, विशेषतः पूर्व विदर्भात, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. या आजारात काही जणांच्या मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याला रक्त पोचत नाही, ते आतून ढासळतं, आणि शाळा-कॉलेजच्या वयातल्या पोराला काठी धरावी लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत सिकलसेलचा समावेश आहे. वर्षभरात बोट-दोन बोटं उंच होणाऱ्या पोराला एकाच मापाची कुबडी देऊन कसं भागेल?

आता जमिनीकडे येतो, कारण खरी अडचण तिथे आहे. आपली काळी माती पावसाळ्यात पाय धरून ठेवते आणि उन्हाळ्यात फाटून तिला भेगा पडतात. काठीचं बारीक टोक पावसात रुततं आणि उन्हाळ्यात त्याच भेगेत शिरतं. दोन्ही ऋतूंवर उपाय एकच, रुंद टोक. टोकाचा व्यास दुप्पट केला की जमिनीला टेकणारी जागा चौपट होते, आणि रुतणं बरंच कमी होतं. मात्र रुंद टोक घट्ट बसवलं तर काठी तिरपी झाल्यावर त्याची फक्त कड टेकते. म्हणून ते थोडं हलणारं हवं. खालच्या खाचा उथळ आणि रुंद असाव्यात, नाहीतर चिखल भरून ते टोक गुळगुळीत गोळा होतं. शिवाय ते घरीच काढून बदलता यावं. रबर झिजून खाचा पुसल्या की ओल्या ओट्यावर हमखास पाय घसरतो.

जमीन पाहून साधन करणं आपल्या देशाला नवीन नाही. १९६८ च्या सुमारास जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी कृत्रिम पाय केला, तो उकिडवं बसता यावं, अनवाणी शेतात जाता यावं म्हणून. तीच नजर काठी-वॉकरकडेही हवी.

मुठीबद्दल मला फार कळकळीने सांगायचं आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. उन्हात ठेवलेली धातूची मूठ हाताला चटका देते. ज्याला चटका कळतो तो हात काढून घेतो. पण कुष्ठरोगामुळे ज्यांच्या हाताची संवेदना गेली आहे, त्यांना फोड दिसेपर्यंत कळतही नाही. बाबा आमट्यांचं आनंदवन ज्या भागात उभं राहिलं, तिथल्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. अशा हातासाठी मूठ जाड, लाकडी किंवा जाड रबराची हवी, आणि तिला कुठेही टोचणारी कड नको. वर नुसता फोम गुंडाळला तर तो एका उन्हाळ्यात भुगा होतो.

आता घडी. एसटीत चढताना एक हात दांडीला लागतो. दुसऱ्या हातात वॉकर, मागे रांग, कंडक्टर घाई करतोय. ज्या वॉकरची घडी घालायला दोन हात लागतात, तो त्या क्षणी निरुपयोगी आहे, आणि मग आबाजी तालुक्याच्या दवाखान्यात जाणंच सोडून देतात. घडी एका हाताने व्हावी. बंद केल्यावर ती आपोआप उघडू नये म्हणून पट्टा असावा. उघडताना कुलूप पूर्ण बसलं की टक असा आवाज यावा आणि लाल खूण झाकली जावी, कारण अर्धवट बसलेल्या कुलपावर भार टाकला तर माणूस तोंडावर पडतो.

वजनासाठी ॲल्युमिनियम चांगलं, लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश. पण गावच्या वेल्डिंगच्या दुकानात ते जोडता येत नाही, त्याला आर्गॉन गॅसचं वेल्डिंग लागतं. म्हणून सांधे नट-बोल्टचे ठेवावेत आणि बोल्ट तालुक्याला सहज मिळणाऱ्या मापाचेच घ्यावेत.

दिव्यांगांसाठी केंद्र सरकारच्या ॲडिप योजनेतून १९८१ पासून, आणि ज्येष्ठांसाठी २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून अशी साधनं मिळतात. ती जरूर घ्या. पण घेताना तिथेच उभं राहून मनगटाची रेघ जुळवून घ्या, घडी स्वतः घालून पाहा, आणि रबराचं एक जास्तीचं टोक मागून पाहा.

आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या मुलामुलींनो, तुमच्या प्रकल्पाला विषय हवा असेल तर हा घ्या. तुमचा नमुना आधी पावसानंतरच्या पांदणीत न्या, मग बसस्टँडवर. सोबत ज्याच्यासाठी तो केला त्यांनाच घेऊन जा. उंबरठा ओलांडताना, बाजेवरून उठताना ते नेमके कुठे हात टेकवतात ते बघा. बाजेवरून उठायला वरच्या मुठीपर्यंत हात पोचत नाही, म्हणून वॉकरच्या बाजूच्या नळीवर खाली एक जास्तीची मूठ लागेल. तिची उंची त्यांच्या बाजेवरूनच मोजा.

नमस्कार.