एका घरातली दोन बालपणं

नमस्कार, श्रोतेहो.

आम्ही दोघे सख्खे भाऊ, पण मी वाढलो परळच्या चाळीत आणि धाकटा सिंधुदुर्गातल्या आमच्या गावी. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, बाबांचा पगार थांबला. कितीतरी कोकणी बिऱ्हाडांनी तेव्हा गावची वाट धरली. आईही धाकट्याला घेऊन गेली. माझी दहावी तोंडावर, म्हणून मी बाबांबरोबर राहिलो. तो आठ वर्षांचा होता.

पहिल्याच पावसात त्याला काम मिळालं. तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढून बांधलेल्या मुठी त्यानं चिखलात टाकायच्या, लावणी करणाऱ्या बायकांच्या हाताशी येतील अशा. मूठ लांब पडली तर वाकलेल्या बाईला उठून जावं लागतं, फार जवळ पडली तर ती पायात येते. सात-आठ बायकांची कंबर त्या पोराच्या नेमावर!

माझं काम पहाटे नळावर नंबर लावायचं. दोन हंडे, एक बादली. शेजारी तेलुगू पद्मशाली कुटुंब होतं. अभ्यासाला मी त्यांच्याच खोलीत बसायचो. वाचनालय, कॉलेज सगळं पायी गाठता येणारं.

धाकट्याचं हायस्कूल व्हाळापलीकडे. पाऊस लागला की साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, पाण्याखाली आणि शाळा बुडाली. दहावीनंतर त्याचं शिक्षण थांबलं. तो माझ्यापेक्षा हुशार होता, हे मला आज सगळ्यांसमोर सांगायचंय. गावच्या बालपणाचे गोडवे गाताना तो साकव विसरू नका. २००९ चा शिक्षण हक्क कायदाही ६ ते १४ वयापुरताच आहे. पुढच्या इयत्तांचं अंतर कितीतरी वाड्यांत अजून पोरांच्याच पायांवर आहे.

माझी नात ठाण्यात वाढते आहे. शाळेची बस दारात, नळाला चोवीस तास पाणी. तिला काही कमी नाही, पण तिच्यावाचून घरात कुणाचं काही अडतही नाही. मला काळजी वाटते ती याची.

गेल्या आषाढात तिला गावी नेलं. धाकट्यानं तिच्या हातात मुठी दिल्या. पहिल्या दोन भलतीकडेच पडल्या.

"लांब नको टाकू गो बाये, माझी कंबर मोडली!" लावणी करणारी काकी ओरडली.

नात गोरीमोरी झाली. मग गुडघाभर चिखलात पाय रोवून तिनं तिसरी टाकली, ती बरोबर काकीच्या हाताशी.

रात्री पेज जेवताना तिनं धाकट्या आजोबांना विचारलं, "उद्या किती वाजता जायचं?"