वर जाणारा चेंडूही पडतच असतो

हा चेंडू मी सरळ वर फेकतो. झेलला, नशीब! आता सांगा, अगदी टोकाला पोचला त्या क्षणी त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाचं बल किती होतं?

मागच्या रांगेतून ‘शून्य’ असं आलं. हे उत्तर वेगाचं आहे, बलाचं नाही. टोकाला बलही शून्य झालं असतं, तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता आणि मला शिडी आणावी लागली असती. हातातून सुटल्यापासून परत हातात येईपर्यंत पृथ्वी त्याला सारख्याच जोराने खाली ओढत असते. तो वर चाललाय की खाली, याच्याशी तिला कर्तव्य नाही. दर सेकंदाला वेगात ९.८ मीटर प्रतिसेकंदाचा फरक पडतो. आपण तोंडी हिशेबासाठी १० धरू.

समजा चेंडू २० मीटर प्रतिसेकंद वेगाने वर फेकला. पृथ्वीची ओढ नसती, तर एका सेकंदाने तो २० मीटरवर असता. प्रत्यक्षात असतो १५ वर. म्हणजे ५ मीटर खाली. दोन सेकंदांनी ४० वर हवा होता, आहे २० वर. तिसऱ्या सेकंदाअखेर ६० ऐवजी १५, चौथ्याला ८० ऐवजी थेट हातात. तूट बघा: ५, २०, ४५, ८०. आता एखादा दगड उंचावरून नुसता सोडून दिला, तर एक, दोन, तीन, चार सेकंदांत तो किती पडेल? ५, २०, ४५, ८०! वर फेकलेला चेंडू पहिल्या क्षणापासून पडतच असतो. फक्त जिथे असायला हवा होता, तिथून पडतो.

हे एकदा पटलं की तिरकं फेकणं वेगळं शिकावं लागत नाही. आडवी गती आपल्या वाटेने सारख्या वेगाने जाते, पडणं आपल्या हिशेबाने वाढत जातं, आणि दोघं एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करत नाहीत. दोन्ही मिळून जो वक्र होतो, तो अन्वस्त, म्हणजे पॅराबोला. गॅलिलिओने १६३८ साली हे छापून प्रसिद्ध केलं, तेव्हा तो नजरकैदेत होता आणि त्याची दृष्टी गेलेली होती.

त्याच्या शंभर वर्षं आधी, १५३७ मध्ये, तार्ताल्या या इटालियन गणितज्ञाने तोफगोळा ४५ अंशांवर सर्वांत लांब जातो असं सांगितलं होतं. त्या काळच्या चित्रांत मात्र गोळा आधी सरळ रेषेत जातो, मग थोडा वळतो आणि शेवटी जवळजवळ उभा खाली येतो. आपण हसतो. पण बॅडमिंटनचं शटल उंच मारून बघा, थेट तसंच जातं! हवेचा अडथळा मोठा असला की चढ लांबट होतो आणि उतार खडा. चित्रकारांचे डोळे अगदीच फसले नव्हते म्हणायचे.

४५ अंशांचंही तसंच. गोळाफेक करणारे खेळाडू त्याहून बऱ्याच कमी कोनात गोळा सोडतात. एक तर गोळा जमिनीवरून नाही, डोक्याच्या उंचीवरून सुटतो. आणि दुसरं, माणसाच्या शरीराला जितकं उभं फेकावं तितका कमी वेग देता येतो. सूत्राला हे माहीत नसतं.

आता शेवटचं, आणि मला स्वतःला सर्वांत आवडणारं. चेंडू आडवा फेकला तर पहिल्या सेकंदात तो साधारण ५ मीटर पडतो. पृथ्वी गोल आहे. ८ किलोमीटर सरळ गेलात, तर तिचा पृष्ठभागही सुमारे ५ मीटर खाली वळलेला असतो. मग सेकंदाला ८ किलोमीटर वेगाने फेकलं तर? हवा नाही असं धरा. चेंडू ५ मीटर पडेल आणि जमीनही तेवढीच खाली गेलेली असेल. पडणं चालू, पोचणं नाही. न्यूटनने उंच डोंगरावरची तोफ कल्पून हेच सांगितलं, आणि उपग्रह फिरतात ते असेच.

अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे, आत अंतराळवीर तरंगताना दिसतात. मगाशी ‘शून्य’ म्हणालात ना, तुम्हीच सांगा: तिथे गुरुत्वाकर्षण किती असेल?

या वेळी कोणी बोलत नाही. जमिनीवर असतं त्याच्या जवळजवळ नव्वद टक्के. स्थानक आणि माणसं, दोघंही एकत्र पडताहेत.