स्वायत्त रुग्णालयासाठी पैसा कुठून आणायचा?

नमस्कार. सरकारी रुग्णालय स्वायत्त करायचं, म्हणजे उत्पन्न, खर्च, नेमणुका यांचे निर्णय त्याचे त्याने घ्यायचे. पण सोबत बहुतेकदा अनुदान आटतं, आणि मग सोपी वाट दिसते: तपासण्या वाढवा, शुल्क वाढवा. व्हिएतनामने २००६ मध्ये अशी मोकळीक दिली, तेव्हा तिथेही हीच काळजी पुढे आली. मला ही वाट अजिबात मान्य नाही. शेवटचा आधार म्हणून आलेल्या माणसाच्या खिशात हात घालायचा?

पैसा दुसरीकडे अडकलाय. हिशेब करू. रोज २० पेशंट दाखल होतात, सरासरी ६ दिवस राहतात, म्हणजे १२० बेड लागतात. मुक्काम ५ दिवसांवर आला, तर १०० पुरतात. उपचार कमी करा असं मी म्हणत नाहीये! डॉक्टर सकाळच्या राऊंडला 'आता घरी जा' म्हणतात, आणि डिस्चार्जचा कागद हातात पडतो संध्याकाळी. रिपोर्ट तयार असतो, पण वॉर्डपर्यंत पोचलेला नसतो. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी घडवलेली पद्धत, जिला आज आपण लीन म्हणतो, ती नेमकं या वाट बघण्यावर बोट ठेवते.

ऑस्ट्रेलियात ॲडलेडचं फ्लिंडर्स मेडिकल सेंटर हे सरकारी रुग्णालय आहे. २००३ मध्ये तिथल्या डॉक्टर-नर्सनी आपत्कालीन विभागातल्या पेशंटची वाट पायरीपायरीने कागदावर मांडली. किरकोळ दुखण्याचे लोक सतत मागे ढकलले जात होते आणि गर्दी साचत होती. मग त्यांनी दोन रांगा केल्या: उपचार घेऊन बहुधा घरी जाणारे, आणि बहुधा दाखल होणारे. जीव धोक्यात असलेला अर्थातच आधी. बाकीचे आपापल्या रांगेत आल्या क्रमाने. गर्दी ओसरली. आणि हा उपाय काम करणाऱ्यांनीच शोधला होता.

आता स्वायत्ततेचं महत्त्व कळतं. वाचलेला निधी वर्षअखेरीस तिजोरीत परत जाणार असेल, तर वॉर्डातल्या सिस्टरनी धडपड का करावी? तो तिथेच राहिला पाहिजे, आणि त्यातला काही कुठे खर्चायचा हे वॉर्डाने ठरवलं पाहिजे.

एक अट मात्र मी सोडणार नाही. काम सुटसुटीत झालं म्हणून माणसं कमी करायची नाहीत. एकदा तसं झालं, की पुढच्या वेळी कुठे वेळ वाया जातोय, ते कुणी सांगणारच नाही.