उगवतीच्या समुद्राकाठी

(देवगड तालुक्यातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आपला समुद्र मावळतीचा. सूर्य पाण्यात बुडताना बघतच आपण वाढलो. त्यामुळे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, उगवतीच्या समुद्राकाठी उभा राहिलो तेव्हा मला घरात दार चुकल्यासारखं झालं.

व्हर्जिनिया राज्यातलं चिंकोटीग बेट. लेक तिकडे असते, म्हणून गेलो होतो. गणपतीला कोकणातला माणूस घरी नाही, ही बोच होतीच. पण बेटावर पाऊल ठेवलं आणि हिचा चेहरा खुलला. आपल्यासारखंच खाजण, तोच चिखलाचा वास, आणि एका घरामागे कालवांच्या शिंपल्यांचा हा ढीग! डाससुद्धा आपलेच वाटले.

तारीख 6 सप्टेंबर 2013. समोर साधारण पंधरा किलोमीटरवर वॉलॉप्सचं प्रक्षेपण केंद्र. तिथून ‘लॅडी’ नावाचं नासाचं यान चंद्राकडे निघणार होतं. आदल्या दिवशी अमावास्या झालेली, आकाश काळंभोर. हिने विचारलं, “चंद्रावर निघालंय म्हणता, मग चंद्र कुठाय?” प्रश्न बिनतोड होता. चंद्र संध्याकाळीच मावळला होता. आणि यान काही नाकासमोर जाणार नव्हतं. पृथ्वीभोवती लांबट फेऱ्या मारत ते महिन्याने, 6 ऑक्टोबरला चंद्रापाशी पोचलं.

रात्री 11 वाजून 27 मिनिटांनी खाजणापलीकडे उजेड झाला. होळीचा होम पेटल्यावर माडांच्या शेंड्यांवर उजेड चढतो ना, तसा. क्षणात आमच्या पायाशी गवताच्या सावल्या पडल्या. आवाज मात्र शून्य. वीज चमकल्यावर आपण आकडे मोजतो, तसे मी मोजू लागलो. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. चाळिशी ओलांडली आणि मग तो आला, कानात नाही, छातीत. श्रावणात रात्री गाज ऐकू येते तसा, खालच्या पट्टीतला, न थांबणारा. तोवर रॉकेट पार वर गेलं होतं. आवाज ऐकत होतो तो ज्या जागेचा, तिथे आता नुसता धूर होता.

हे मिनोटॉर रॉकेट पाच टप्प्यांचं. त्यातले खालचे तीन टप्पे पीसकीपर या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्राचे, म्हणजे शहरं बेचिराख करायला बनवलेले. मोडीत काढलेल्या तोफेची घंटा ओतावी, तसा प्रकार. इंधन घन असल्यामुळे ते रेंगाळत नाही, दिवाळीतल्या बाणासारखं सुटतं. एक टप्पा संपला की ठिणगी विझल्यासारखी वाटे, आणि लगेच पुढचा पेट घेई.

आता विचाराल, आपल्या किनाऱ्यावरून असं का उडत नाही? पृथ्वी पूर्वेकडे फिरते. आपण इथे खुर्चीत बसून ताशी सुमारे 1600 किलोमीटरने पूर्वेला चाललोय. रॉकेट पूर्वेला सोडलं की हा वेग फुकटात मिळतो. पण इथून सोडलं तर रिकामा पहिला टप्पा सह्याद्रीपलीकडे कुणाच्या तरी उसात पडायचा! म्हणून श्रीहरिकोटा पूर्व किनाऱ्यावर. केरळातलं थुंबा पश्चिमेला आहे, पण 1963 साली तिथून उडालं ते वातावरणाचा अभ्यास करणारं छोटं रॉकेट. वर जाऊन समुद्रात पडणारं, त्याला कक्षा गाठायची नव्हती.

लॅडी गेलं होतं चंद्राचं विरळ वायूंचं आवरण आणि धूळ तपासायला. अपोलो 17 च्या अंतराळवीरांनी चंद्राच्या क्षितिजावर दिसलेल्या उजेडाची चित्रं काढली होती. ती धूळ असेल, असा तर्क होता. तशी दाट धूळ काही सापडली नाही. सापडला तो उल्कांच्या माऱ्याने उडणाऱ्या धुळीचा विरळ ढग. वायूंमध्ये निऑन मिळाला, हेलियमही. हेलियम म्हटलं की आपली मान ताठ होते, विजयदुर्गावर साहेबाचा कट्टा आहे ना! तिथूनच लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने सूर्यावरचा हेलियम शोधला, असं आपण सांगतो. पण खरं सांगायला हवं. सूर्याच्या वर्णपटात हेलियमची रेषा प्रथम दिसली ती 1868 मध्ये, आणि त्या वर्षी लॉकियर इंग्लंडातच होते. ते विजयदुर्गला आले 1898 च्या ग्रहणाला. माझ्या मते तेवढंही काही कमी नाही.

एक राहिलंच. प्रक्षेपणाच्या वेळी स्वयंचलित कॅमेऱ्याने टिपलेल्या एका फोटोत चक्क एक बेडूक हवेत उडालेला दिसतो, चारी पाय पसरून. पुढे त्याचं काय झालं, कुणास ठाऊक.

त्या रात्री घरी फोन लावला. इथे शनिवारची सकाळ, नऊ वाजून गेलेले. वहिनी गणपतीवर टांगायच्या माटवीच्या तयारीत होत्या. मी उत्साहाने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “काय ओ भावजी, सोमवारी चवथ, आनि तुमी चंद्राची वाट बघतास?”